पैसे पाण्यात

मासे पाळायचं मनावर घेतलेल्या माणसाला मासे सोडून बाकी सगळ्याचे पैसे मोजावे लागतात. गप्प्यांची जोडी दोन वडापावांच्या आसपास येते. तेवढेही द्यायचे नसतील तर पालिकेच्या आरोग्य खात्याकडे जावं. डासांच्या अळ्या खातात म्हणून गप्पी तिथे फुकट देतात, आणि डेंग्यूच्या दिवसांत तर खात्याचा माणूस आपण होऊन तुमच्या हौदात चार सोडून जातो. राहणारा फुकट आणि त्याचं घर साडेतीन-चार हजारांचं, हा हिशेब मुंबईकडच्या माणसाला तरी नवा नाही.

ते घर घ्यायचं कसं, यावर मात्र घराघरांत फूट पडते. दुकानात दोन रस्ते असतात. एक खोक्याचा. टाकी, झाकण, दिवा, फिल्टर, कधी मूठभर खडी आणि हिरवंगार प्लॅस्टिकचं झाड, सगळं एका पुठ्ठ्यात. घरी न्या, पाणी भरा, प्लग लावा. याला किट म्हणतात. दुसरा रस्ता सुट्ट्याचा. टाकी एका दुकानातून, पंप दुसऱ्यातून, फिल्टर तिसऱ्यातून, आणि प्रत्येक दुकानदाराकडून आधीच्या दोघांनी तुम्हाला कसं बनवलं याची माहिती मोफत. पहिल्या रस्त्यावर पाकीट हलकं होतं, दुसऱ्यावर पाकिटासकट डोकंही. हे मी ठामपणे सांगू शकतो, कारण आमचे साडू डोंबिवलीला राहतात आणि कुठलीही खरेदी करताना साक्षीदार म्हणून मला सोबत नेतात.

साडू बँकेत ऑडिटला होते. बँकेने त्यांना निवृत्त केलं, ऑडिटने नाही. नातीने फिश टँक मागितला त्याच संध्याकाळी त्यांनी वहीला समास आखला आणि वर लिहिलं : ‘मर्यादा रु. 3,000’. मध्यमवर्गीय घरात बजेट ही खर्चाची मर्यादा नसते. घरातल्या इतरांना ऐकू जावा म्हणून मोठ्याने उच्चारलेला तो एक आकडा असतो. मेव्हणीने तो ऐकला, ‘बरं’ म्हणाली, आणि मनातल्या मनात त्यात हजार मिळवून कामाला लागली.

आमच्या पिढीची माशांची सगळी समजूत तारापोरवाला मत्स्यालयातून आलेली. मरीन ड्राइव्हवरचं ते मत्स्यालय 1951 साली उघडलं, राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांच्या हस्ते, आणि पुढे शाळेची सहल मुंबईला आली की ते ठरलेलंच. अंधाऱ्या दालनात उजळलेल्या काचा, काचेमागे निवांत फिरणारे मासे, आणि ‘काचेला हात लावू नका’ असं ओरडणारे मास्तर. काचेच्या मागच्या अंगाला किती पंप, नळ्या आणि माणसं राबत असतील याचा त्या दर्शनी भागात मागमूसही नसे. त्यामुळे काच, पाणी आणि मासा एवढ्या तीन गोष्टी जमल्या की मत्स्यालय होतं, असं मानणारी एक आख्खी पिढी महाराष्ट्रात वाढली. किट विकणाऱ्यांचा धंदा या पिढीवर चालतो.

कुर्ला पश्चिमेला अ‍ॅक्वेरियमच्या दुकानांत शिरलं की पहिली भेट खोक्यांशीच होते. ती दर्शनी रचलेली असतात. खोक्यावरचं चित्र नीट पाहावं. टाकी गोड्या पाण्याची, आत भरायचं आहे नळाचं पाणी, पण चित्रात प्रवाळ, समुद्रफुलं आणि त्यातून डोकावणारा नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचा क्लाउनफिश. तो खाऱ्या पाण्यातला. डोंबिवलीच्या नळाच्या पाण्यात तो जगणार नाही. पण नातीने ‘आजोबा, निमो!’ म्हणून किंकाळी फोडली आणि साडूंच्या वहीतला तीन हजारांचा आकडा जागच्या जागी शहारला.

“यात सगळं आहे काका,” दुकानदार म्हणाला. “कंप्लीट.”

ऑडिटवाल्यासमोर हा शब्द वापरू नये. साडूंनी खोकं उघडायला लावलं. सगळं म्हणजे काय काय होतं? पुढून गोलाई दिलेली सुबक काच. तिच्यावर फिट्ट बसणारं काळं झाकण. झाकणात दिवा, आणि दिव्याला रिमोट. रिमोटवर सात रंग. झाकणाच्याच पोटात फिल्टर. खोक्यावर ‘30 लिटर’.

“ही तीस लिटर कार्पेट की बिल्ट-अप?” साडूंनी विचारलं.

दुकानदाराने दाद दिली, उत्तर दिलं नाही. पण प्रश्न अगदी रास्त होता. वरची दोन बोटं रिकामी सोडायची, तळाशी खडी घालायची, मग माशाच्या वाट्याला पंचवीसच्या आतबाहेर येतात. आणि खोक्यात जे नव्हतं त्याची यादी साडूंनी तिथेच केली. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मारणारं औषध नाही. तळाचा गाळ ओढायची नळी नाही. थर्मामीटर नाही. काचेखाली घालायचा थर्माकोल नाही. मासा पकडायची जाळीसुद्धा नाही. म्हणजे किट घेऊनही सुट्ट्या रस्त्याने थोडं चालावं लागतंच, हा पहिला शोध.

माझं मत विचाराल तर किटमधले बहुतेक पैसे बघणाऱ्यावर खर्च झालेले असतात, राहणाऱ्यावर नाही. काचेची गोलाई बघणाऱ्यासाठी. झाकणाची काळी चकाकी बघणाऱ्यासाठी. सात रंग तर निव्वळ पाहुण्यांसाठी. रात्री अकरापर्यंत निळा, मग जांभळा, मग पुन्हा निळा. माशाला पापण्या नसतात. त्याला हे बघावंच लागतं. दिव्याचं दुसरं दुखणं असं की तो झाकणाशी एकजीव असतो. वर्षा-दोन वर्षांनी गेला की दुकानदार झाकण हातात घेतो, उलटंपालटं करतो आणि म्हणतो, “हे मॉडेल आता येत नाही.” मग शंभर रुपयांच्या दिव्यापायी आख्खं झाकण जातं आणि झाकणाबरोबर फिल्टरही. सुट्ट्या सामानात असं एकगठ्ठा मरण नाही. पंप गेला तर पंप बदला, नळी फाटली तर दहा रुपयांत हातभर नळी.

हे सगळं साडूंना तत्काळ पटलं, कारण त्यांना ते पटवून घ्यायचंच होतं. सुट्टं घेतलं की स्वस्त पडतं ही आपल्याकडची जुनी श्रद्धा. तिच्यापुढे गणित चालत नाही, पण गणित झालं खरं. ते वहीत असं उमटलं : दोन फूट बाय एक बाय एक टाकी, पाच मिलिमीटर काच, बाराशे. झाकण साडेतीनशे. एअर पंप अडीचशे. स्पंज फिल्टर दोनशे. दिवा पाचशे. खडी दीडशे. गाळ ओढायची नळी दीडशे. थर्मामीटर ऐंशी. अँटिक्लोरीन पन्नास. जाळी चाळीस. थर्माकोल तीस. आणि हीटर साडेचारशे. बेरीज तीन हजार साडेचारशे. किट होतं चार हजार दोनशेला. साडूंनी विजयी मुद्रेने वही माझ्याकडे वळवली. मर्यादा तीन हजारांची होती हे त्या क्षणी आम्हां दोघांनाही आठवलं नाही, असं आम्ही ठरवलं.

हीटरवर मात्र खटका उडाला. लिटरमागे साधारण एक वॉट असा हीटरचा हिशेब धरतात, म्हणजे पन्नास वॉट. पण गप्प्यांना बावीस ते अठ्ठावीस अंश पाणी मानवतं. डोंबिवलीत ते पाणी बादलीत आपोआप तयार होतं, आणि एप्रिल-मेमध्ये तर ते थंड कसं करायचं हीच चिंता. नाशिकला, जिथे थंडीत पारा दहाच्या खाली उतरतो, तिथे हीटर नसेल तर मासे तळाशी बसून वसंताची वाट बघतात. डोंबिवलीकराने तो घेणं म्हणजे शुद्ध हौस. दुकानदाराने बापुडवाणा चेहरा केला, पण हीटर परत कपाटात गेला आणि वहीत बरोबर तीन हजारांची रेघ आली. सुट्ट्या खरेदीचा खरा फायदा हा, नको ते गाळता येतं. किटातून गाळायला गेलात तर सात रंगांतले सहा काढून पैसे परत मिळत नाहीत.

टाकीच्या आकारावर मी थोडा अडून बसतो, कारण इथे लोक हमखास उलटा विचार करतात. आधी छोटी घेऊ, जमलं तर मोठी. ऐकायला शहाणपणाचं वाटतं. प्रत्यक्षात छोटी टाकी सांभाळणं अवघड आणि मोठी सोपं. मासा चोवीस तास कल्ल्यांतून अमोनिया सोडत असतो आणि अमोनिया त्यालाच विषारी. पन्नास लिटरमध्ये तो विरतो, दहा लिटरमध्ये साचतो. दुपारी खिडकीतून ऊन आलं की छोटी टाकी तासाभरात तापते, मोठी संध्याकाळपर्यंत विचार करते. टेबलावर ठेवायचा गोल काचेचा बाऊल हा तर मासे पाळण्याचा सगळ्यात कठीण प्रकार, आणि तो आपण पाच वर्षांच्या मुलाला वाढदिवसाला देतो. शिवाय त्यात गोल्डफिश. नीट वाढला तर वीतभर होणारा आणि खाण्याहून घाण जास्त करणारा हा मासा. वास्तूच्या नावाखाली काही घरांत आठ लाल आणि एक काळा असे नऊ लागतात. त्या नऊ जणांना पुरेशी टाकी घेतली तर ईशान्य कोपरा टाकीला जाईल आणि घरच्यांना उरलेल्या सात दिशांत जेवावं लागेल.

तेव्हा थोड्या पैशांत भागवायचं असेल तर पैसे लिटरमध्ये घालावेत, रिमोटमध्ये नाही. साधी चौकोनी काच, साधा स्पंज. स्पंज फिल्टर दिसायला अगदीच कळकट असतो. काळा स्पंज, मधून नळी, वर बुडबुडे. पण त्यात बिघडण्यासारखं काही नाही, पिल्लं ओढली जात नाहीत, आणि पुन्हा पुन्हा विकत घ्यायची कार्ट्रिज नाही. किटच्या फिल्टरवर ‘तासाला 600 लिटर’ असं लिहिलेलं असतं. तो वेग बहुधा आत काहीही न घालता मोजलेला, आणि तो खरा असला तरी लांब शेपटाचा फायटर मासा त्या धारेसमोर दिवसभर सरकत्या जिन्यावर उलटा चालत असतो.

किटची बाजू घेणारं कोणीच नाही असं नको. मेव्हणीने घेतली. तिचा मुद्दा वायरींचा होता. किटला वायर एक, फार तर दोन. साडूंच्या रचनेत पंपाची एक, दिव्याची एक, एक हवेची नळी, आणि हे सगळं दिवाणखान्यातल्या त्या एकमेव प्लगकडे जायचं जिथे टीव्ही, सेट-टॉप बॉक्स आणि मोबाइलचा चार्जर आधीच नांदत होते. तिने तिथे एक्स्टेन्शन बोर्ड, त्याच्यासाठी खिळा, आणि खिळ्यासाठी सुताराला फोन अशी पुढची साखळी तेव्हाच पाहिली होती. दुसरं, किटचं झाकण घट्ट बसतं. सुट्ट्या टाकीचं झाकण कुठेतरी बोटभर उघडं राहतं, आणि मासा उडी मारायचा झाला तर बरोबर त्याच बोटभर जागेतून मारतो. घरी मांजर असेल, वेळ नसेल, हातात पकड धरलेली नसेल आणि चाळीस लिटरच्या पुढचं किट परवडत असेल, तर किट घ्यावं आणि शरमू नये. मेव्हणीचं म्हणणं सोळा आणे खरं होतं. म्हणूनच ते कोणी ऐकलं नाही.

टाकी घरी आली. दोन फुटी टाकीत काठोकाठ भरलं तर छप्पन्न लिटर मावतं. काच आणि खडी धरून सत्तर किलोच्या घरात जातं, म्हणजे साडूंच्याच वजनाचं. ती कुठे ठेवायची हा प्रश्न वहीत नव्हता. शू-रॅकवर ठेवू म्हणत होते. मी त्यांना फक्त एवढंच म्हटलं, “तुम्ही स्वतः बसून बघा.” ते बसले. रॅक कण्हला. लोखंडी स्टँडचे दोन हजार वहीच्या वेगळ्या पानावर लिहिले गेले. पानाचं शीर्षक ‘फर्निचर’. ऑडिट करणाऱ्याला खर्च लपवता येत नाही हा गैरसमज आहे. त्याच्याइतकं चांगलं ते कोणालाच येत नाही.

मग पंप. तो पाण्याच्या पातळीच्या वर ठेवायचा असतो, नाहीतर वीज गेली की टाकीतलं पाणी नळीतून उलटं पंपात उतरतं आणि तिथून फरशीवर. वीस रुपयांचा एक झडपेचा तुकडा नळीत घातला की हे टळतं. तो तुकडा दहा खोक्यांपैकी एखाद्यात असला तर असतो. पंपाला घूं घूं असा एकसुरी आवाज होता. पहिल्या रात्री मेव्हणी म्हणाली, “चला, तुमच्या घोरण्याला साथीदार मिळाला. आता दोघांनी सूर जुळवा.” विजेचा हिशेब साडूंनी आधीच मांडला होता. पाच वॉटचा पंप दिवसरात्र चालून महिन्याला साडेतीन युनिटच्या वर, दिवा आठ तास लावला तर अडीचच्या आत. सहा युनिट. ज्या घरात बाथरूमचा दिवा विसरला तर व्याख्यान होई, त्या घरात सहा युनिट माशांना विनातक्रार मंजूर झाली.

आणि इथपर्यंत येऊनही, ना किटवाल्याने ना सुट्टंवाल्याने, सगळ्यात महत्त्वाची वस्तू दाखवलेली नसते. टाकीच्या स्पंजात आणि खडीत जिवाणू वसावे लागतात. ते अमोनियाचं नायट्राइट करतात, तेही विषारी. मग दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, ते बऱ्यापैकी निरुपद्रवी. ही वस्ती बसायला चार ते सहा आठवडे जातात. दुकानातून टाकी आणि मासे एकाच रिक्षाने घरी आणले की चौथ्या-पाचव्या दिवशी एक मासा वर तरंगतो. मग घरातली स्वच्छतेची परंपरा जागी होते. सगळं पाणी ओततात, खडी घासतात, स्पंज नळाखाली धरून पांढरं पाणी येईपर्यंत पिळतात. नळातल्या क्लोरीनने उरलेसुरले जिवाणू जातात, टाकी लखलखते, आणि दुसरे चार मासे जातात. चाळीतल्या दिवाळीच्या साफसफाईत जितके मासे दगावले असतील तितके मांजरांनी खाल्ले नसतील.

1850 साली लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने काचेच्या टाकीत दोन गोल्डफिश, व्हॅलिस्नेरियाची लांब पात्यांची रोपं आणि गोगलगाई एकत्र ठेवून पाणी न बदलता ते कसं टिकतं याचा वृत्तान्त लिहिला. पंप नाही, वीज नाही, रिमोट नाही. झाडं, गोगलगाय आणि उतावीळपणा नसलेला माणूस. पहिल्या दोन वस्तू कुर्ल्यात आजही मिळतात.

साडूंची सुटका त्यांच्या सोसायटीतल्या एका काकांमुळे झाली. काकांची टाकी जुनी होती. त्यांनी स्वतःच्या फिल्टरमधला एक काळपट, गिळगिळीत स्पंजाचा तुकडा पिशवीभर टाकीच्याच पाण्यात घालून आणून दिला. दुधाला विरजण लावतात तसा तो नव्या टाकीत सोडायचा. मेव्हणीने तो पाहिला, नाक मुरडलं आणि विचारलं, “हे विकत आणलंत?” फुकट आहे असं कळल्यावर तिला तो थोडा बरा दिसू लागला. मग सगळं पाणी न ओतता, थोडं थोडं बदलत, साडूंनी थोडे दिवस कळ काढली. नात रोज शाळेतून आल्यावर रिकाम्या टाकीकडे बघून विचारायची, “आजोबा, आपले मासे अदृश्य आहेत का?” आरोग्य खात्याचे सहा गप्पी आत गेले तेव्हा निमोचा विषय ती विसरली होती. मुलांचं हे बरं असतं.

पुढचं गप्प्यांनीच हाती घेतलं. गप्पीची मादी साधारण महिन्याला वीत राहते, एका खेपेला पंचवीस-तीस पिल्लं टाकते, आणि नर एकदा भेटला की पुढचे कित्येक महिने त्याची गरज तिला पडत नाही. वहीत यासाठी रकाना नव्हता. दिवाळीपर्यंत टाकीत काळजी वाटण्याइतकी गर्दी झाली आणि साडू पिल्लं वाटायला लागले. आधी सोसायटीत, मग जुन्या शाखेत, मग रविवारी आमच्याकडे जेवायला येताना मिठाईऐवजी पिशवीत.

प्रत्येक नेणारा तोच प्रश्न विचारतो, “किट घेऊ की सुट्टं?” साडू वही उघडत नाहीत. ते म्हणतात, “काहीही घ्या. मोठं घ्या. आणि हा स्पंजाचा तुकडा घेऊन जा, त्याशिवाय मासे देत नाही.” माणसं पिशवीतल्या माशांकडे मायेने बघतात, मग त्या काळपट तुकड्याकडे बघतात आणि म्हणतात, “मासे देऊन ठेवा हो, ते घाणेरडं राहू द्या. आम्ही नवीन आणू. खोक्यात असेलच की.”